महासाथ आणि शिकाऊ हात

28 सप्टेंबर 1918 रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मोठी मिरवणूक निघाली. ती पाहायला सुमारे 2 लाख माणसं रस्त्याच्या दुतर्फा दाटीवाटीनं उभी होती. शहरात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण तेव्हा सापडू लागले होते, मिरवणूक नको असं काही डॉक्टर सांगतही होते. पण ती निघाली. तीनच दिवसांत रुग्णालयांतल्या खाटा भरून गेल्या आणि पुढच्या साधारण सहा आठवड्यांत शहरातली 12,000 च्या वर माणसं दगावली. पहिलं महायुद्ध चालू असल्यानं पुष्कळ डॉक्टर आणि परिचारिका सैन्यात गेल्या होत्या. रुग्णांना पाणी पाजायला, अंग पुसायला, नाडी बघायलासुद्धा माणसं पुरेनात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं मग वैद्यकीय शाखेच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे वर्ग बंद केले. प्राध्यापक आल्फ्रेड स्टेंगल यांनी मुलांना इन्फ्लुएन्झावर एक व्याख्यान दिलं. तेवढ्या शिदोरीवर ही मुलं तात्पुरत्या रुग्णालयांत रुजू झाली. तिसऱ्या वर्षाला असलेले आयझॅक स्टार त्यांच्यातलेच. पाडकाम सुरू झालेल्या एका जुन्या रुग्णालयात पुन्हा खाटा मांडल्या होत्या. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत स्टार यांना परिचारिकेचं काम देण्यात आलं. चौथ्या वर्षाची मुलं डॉक्टर म्हणून वावरत होती. दाखल होताना बरा दिसणारा तरुण रुग्ण एक-दोन दिवसांत निळा पडायचा, श्वासासाठी धडपडायचा, तोंडाला रक्ताळलेला फेस यायचा आणि जायचा. पाळी संपवून विद्यार्थी घरी निघत तेव्हा शहरातले रस्ते ओस पडलेले असत.

या विद्यार्थ्यांना त्या आजाराबद्दल काय ठाऊक होतं? त्यांच्या शिक्षकांना होतं तेवढंच, म्हणजे फार थोडं. हा आजार फायफर यांनी शोधलेल्या जिवाणूमुळे होतो असं अनेक तज्ज्ञ मानत होते. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो 1933 मध्ये. म्हणजे 1918 च्या विद्यार्थ्यांच्या हातात होता कापडी मास्क, डोक्यात होतं चुकीचं कारण आणि समोर होती जीव सोडणारी माणसं. तरीही त्यांनी काम केलं. स्टार पुढे हृदयविकारांचे नामवंत संशोधक झाले आणि या दिवसांच्या आठवणी त्यांनी 1976 मध्ये लिहून प्रसिद्ध केल्या. महासाथीत विद्यार्थ्याच्या नजरेला काय दिसतं याचा तो मोलाचा पुरावा आहे. कारण “तुम्हाला काय वाटतं? तुमची तयारी आहे का?” असं त्या वेळी विद्यार्थ्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मनाचं मोजमाप

आज असं विचारण्याची पद्धत रूढ आहे. 2020 मध्ये कोविड पसरू लागताच जगभरातल्या वैद्यकीय, नर्सिंग, दंतवैद्यक, फार्मसी आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसमोर प्रश्नावल्या येऊ लागल्या. त्यांचा साचा ठरलेला असतो. पहिला भाग ज्ञानाचा: आजार कसा पसरतो, लक्षणं कोणती. दुसरा भाग दृष्टिकोनाचा: तुम्हाला भीती वाटते का, ड्यूटीवर बोलावलं तर जाल का, लस घ्याल का. तिसरा भाग आचरणाचा: तुम्ही हात कसे धुता, मास्क कधी बदलता.

या साच्यामागे एक जुनं कोडं आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रे यंत्रं गाडीवर बसवून वस्त्यांपर्यंत नेली जात. तपासणी फुकट, घराजवळ, चटकन होणारी, तरीही पुष्कळ लोक येत नसत. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले हॉकबॉम, रोझेनस्टॉक आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी याचा छडा लावायचं ठरवलं. त्यातून जी मांडणी तयार झाली तिला आपण आरोग्यविषयक धारणांचं प्रारूप म्हणू. माणूस काही करायला उठतो तेव्हा त्याच्या मनात चार हिशेब झालेले असतात: हा आजार मला होऊ शकतो का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा किती आणि त्यात अडचण किती. पुढे त्यात पाचव्या प्रश्नाची भर पडली: हे मला जमेल का?

हे पाच प्रश्न एखाद्या विशीतल्या विद्यार्थिनीला लावून पाहा. आजार मला होऊ शकतो का? वॉर्डात रोज उभी राहते, म्हणजे नक्कीच. किती वाईट? तरुण आहे, बरी होईन. पण घरी मधुमेह असलेले बाबा आणि ऐंशीची आजी आहे. फायदा काय? रुग्णाला मदत होईल, शिकायला मिळेल. अडचण कोणती? पीपीई किट पुरेसं नाही, परीक्षा तोंडावर आहे. जमेल का? इथे ती अडखळते, कारण ऑक्सिजनचा मास्क लावायला तिला आजवर कुणी नीट शिकवलेलंच नाही. तिचं उत्तर “हो” येईल की “नाही” हे केवळ तिच्या धैर्यावर ठरत नाही. पाचपैकी निदान दोन प्रश्नांची उत्तरं तिच्या हातातच नाहीत, ती तिच्या महाविद्यालयाच्या हातात आहेत. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते हेच.

तरुणांच्या भीतीची दिशाही नीट समजून घेतली पाहिजे. मी आजारी पडेन या भीतीपेक्षा माझ्यामुळे घरचं कुणी आजारी पडेल ही भीती विद्यार्थ्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते. आपल्याकडे तर ती अधिकच खोल असते. गावातून, तालुक्यातून वसतिगृहात आलेला मुलगा घरातला पहिला डॉक्टर होणार असतो. लॉकडाऊनमध्ये तो परतला तेव्हा मावशी, काका, शेजारी सगळे त्यालाच विचारत होते, “तू डॉक्टरकी शिकतोयस ना? मग सांग, आजोबांना दवाखान्यात न्यायचं की नाही?” दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. पण गप्प बसण्याची मुभाही त्याला नसते.

माहीत असणं आणि हाताला येणं

2020 च्या सुरुवातीला मुंबई महानगर परिसरातले आरोग्यशाखांचे विद्यार्थी आणि आरोग्यसेवक यांची एक पाहणी झाली. त्यात 1,562 जणांनी उत्तरं दिली. एकूण 71.2 टक्के उत्तरं बरोबर होती. साथ नुकतीच दारात आली होती हे लक्षात घेता आकडा वाईट नाही. पण तपशील काळजी वाढवणारा होता. मास्क किंवा रेस्पिरेटर चढवण्याचा बरोबर क्रम केवळ 45.4 टक्क्यांना सांगता आला. हात डोळ्यांना दिसेल इतके घाण झालेले असतील तर ते कोणत्या पद्धतीनं स्वच्छ करायचे, हे 52.5 टक्क्यांना माहीत होतं. रुग्णाचा ‘निकटचा संपर्क’ म्हणजे नेमका कोण, याचं बरोबर उत्तर निम्म्याहून कमी जणांनी दिलं.

विषाणूचं घराणं, पसरण्याचा मार्ग, लक्षणं ही माहिती वाचून मिळते. मास्क कसा बसवायचा, किट काढताना आधी काय उतरवायचं, हातमोजे कुठल्या टप्प्यावर टाकायचे, हे हातानं करून पाहावं लागतं आणि करताना कुणीतरी शेजारी उभं राहून चूक दाखवावी लागते. नुसतं वाचून ते शिकणं म्हणजे काठावर बसून पोहणं पाठ करणं. संसर्गाचा मोठा धोका किट घालताना नसून काढताना असतो, कारण तोवर बाहेरचा पृष्ठभाग दूषित झालेला असतो आणि माणूस थकलेला असतो. आठ तास घामानं निथळलेल्या विद्यार्थ्याला त्या क्षणी पुस्तकातलं वाक्य आठवत नाही, सवय झालेली हालचाल मात्र होते. म्हणून सराव हाच खरा अभ्यास ठरतो.

इराणमध्ये साथीच्या पहिल्या आठवड्यांत 240 वैद्यकीय विद्यार्थ्यांची अशीच पाहणी झाली. ज्ञानाच्या प्रश्नांची जवळपास 87 टक्के उत्तरं बरोबर आली आणि काळजी घेण्याच्या बाबतीत गुण त्याहूनही जास्त पडले. धोक्याच्या जाणिवेला मात्र 8 पैकी सरासरी 4.08 एवढेच गुण होते. त्यातही एक गोष्ट विचार करायला लावणारी होती. जे विद्यार्थी अधिक काळजी घेत होते त्यांना धोका कमी वाटत होता. याचे दोन अर्थ निघतात. काळजी घेतल्यामुळे त्यांना सुरक्षित वाटत असेल, किंवा मुळात शांत स्वभावाची, शिस्तीची मुलंच काळजी नीट घेत असतील. एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे ठरवता येत नाही. इतकं मात्र दिसतं की घाबरवलं की माणूस सावध होतो, ही सरसकट समजूत टिकत नाही.

अशा पाहण्या वाचताना त्यांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. बहुतेक प्रश्नावल्या मोबाइलवरून फिरल्या. ज्यांना विषयात रस होता आणि वेळ होता त्यांनीच त्या भरल्या. दमून झोपलेल्या इंटर्नचं मत त्यात क्वचितच उतरलं असेल. शिवाय “ड्यूटीला जाल का?” याला मार्चमध्ये दिलेलं “हो” ओळखीचं कुणी दगावल्यावर जूनमध्ये तसंच राहील याची खात्री नसते. विचारताना दिलेलं उत्तर आणि प्रत्यक्ष रात्री वाजलेल्या फोनला दिलेलं उत्तर यांत अंतर पडू शकतं.

खाटेशेजारचा धोका

विद्यार्थी रुग्णालयात असतो, पण तो कर्मचाऱ्यांच्या यादीत नसतो. ही स्थिती किती धोक्याची ठरू शकते ते मार्च 2003 मध्ये हाँगकाँगला कळलं. तिथल्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात न्यूमोनियाचा म्हणून एक रुग्ण दाखल झाला. त्याला सार्स झाला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या आजाराला तेव्हा नावही नव्हतं. रुग्णाला नेब्युलायझर दिला जात होता. त्याच वॉर्डात वैद्यकीय विद्यार्थी नेहमीप्रमाणे खाटेशी उभे राहून शिकत होते. नंतर झालेल्या अभ्यासात त्या वॉर्डात जाऊन आलेल्या 66 विद्यार्थ्यांची नोंद तपासली गेली, त्यांपैकी 16 जणांना सार्स झाल्याचं आढळलं. रुग्णाची खाट असलेल्या भागात गेलेल्यांमध्ये लागणीचं प्रमाण तिकडे न गेलेल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त होतं.

ही मुलं कुठल्या साहसासाठी गेली नव्हती, रोजच्या पाठासाठी गेली होती. सार्सच्या त्या साथीत जगभरात 8,098 रुग्णांची नोंद झाली आणि 774 जण दगावले. बाधितांमध्ये आरोग्यसेवकांचं प्रमाण मोठं होतं. परिणामी अनेक वैद्यकीय संस्थांनी धडा घेतला की साथ आली की विद्यार्थ्यांना आधी बाहेर काढायचं. टोरांटोमध्येही सार्सच्या काळात विद्यार्थ्यांचं रुग्णालयातलं शिक्षण थांबवण्यात आलं. या धोरणामागची काळजी खरी आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की जो काळ पुढच्या डॉक्टरांना सर्वांत जास्त शिकवू शकतो, त्याच काळात ते वर्गाबाहेर आणि वॉर्डाबाहेर राहतात.

कोपनहेगनचे पंधराशे

विद्यार्थ्यांना धोक्यात उभं करणं आणि बाहेर काढणं या दोन्हींच्या मधला रस्ता कसा असू शकतो, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण 1952 च्या कोपनहेगनचं आहे. ती महासाथ नव्हती, एका शहराला झोडपून काढणारी पोलिओची साथ होती. पण विद्यार्थ्यांच्या बाबतीत तिनं जे शिकवलं त्याला तोड नाही.

त्या उन्हाळ्यात ब्लेगडॅम या संसर्गजन्य आजारांच्या रुग्णालयात पोलिओच्या मुलांची रीघ लागली. ज्यांच्या श्वसनाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडत, त्यांना वाचवणं जवळपास अशक्य होतं. रुग्णालयाकडे लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखलं जाणारं एकच मोठं यंत्र होतं आणि छातीवर बसवायची सहा लहान यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत अशा 31 रुग्णांपैकी 27 जण दगावले. मुख्य डॉक्टर लासेन यांनी मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना बोलावलं. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास शस्त्रक्रियेच्या वेळी हातानं चालू ठेवतात, तोच मार्ग इथे वापरायचं इब्सेन यांनी सुचवलं. 27 ऑगस्ट 1952 रोजी मरणाच्या दारात असलेल्या एका 12 वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हातानं दाबून प्राणवायू आत ढकलला. मुलगी वाचली.

उपाय सापडला, पण पिशवी दाबायला माणूस हवा होता. प्रत्येक रुग्णाशेजारी, अहोरात्र, कित्येक आठवडे. एका वेळी सत्तरेक रुग्ण असे हातांवर जगत होते. तेव्हा वैद्यकीय आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हाक गेली. सुमारे 1,500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून मिळून 1,65,000 तास पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण 87 टक्क्यांवरून हळूहळू निम्म्याच्याही खाली आलं. पुढच्या वर्षी, 1953 मध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच एका दुसऱ्या रुग्णालयात जो विभाग उभारला तो जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याच्या जन्माला या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत.

पोलिओची लस तेव्हा नव्हती. साल्क यांची लस 1955 मध्ये आली. म्हणजे प्रत्येक विद्यार्थी धोका पत्करून बसत होता. तरी मुलं आली आणि टिकली. का टिकली ते पाहायला हवं. त्यांना दिलेलं काम एकच आणि स्पष्ट होतं. ते थोड्या वेळात शिकता येत होतं. अडचण आली तर भूलतज्ज्ञ जवळच फिरत होते. पाळी संपली की बदली माणूस येत होता. आणि केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांसमोर दिसत होता: मी पिशवी दाबतोय, समोरची छाती वर येतेय. “मला जमेल का?” या पाचव्या प्रश्नाचं उत्तर दर मिनिटाला मिळत होतं.

याची किंमतही होती. नळीमुळे मुलांना बोलता येत नसे. विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांतून, ओठांच्या हालचालीतून त्यांचं म्हणणं ओळखायला शिकले. त्यांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्याशी खेळत. आणि कधीकधी आपल्याच पाळीत, आपल्या हातातली पिशवी चालू असताना ते मूल जाई. विशीतल्या विद्यार्थ्यासाठी हा आघात फार मोठा होता. अनेकांना तो आयुष्यभर पुरला. त्यांच्या मनाची विचारपूस करायला वेगळी माणसं नेमावीत, हा विचार त्या काळी रुजलेला नव्हता. आज आपल्याला ती सबब राहिलेली नाही.

2020: आत की बाहेर?

कोविड आला तेव्हा वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी दारं उघडली आणि बंद केली. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं 17 मार्च 2020 रोजी विद्यार्थ्यांनी रुग्णांच्या थेट संपर्कातलं शिक्षण थांबवावं अशी शिफारस केली. संरक्षक साधनं अपुरी होती आणि शिकवणारे डॉक्टर कामानं वाकले होते. त्याच सुमारास इटलीनं उलटं पाऊल टाकलं. डॉक्टर म्हणून काम करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा रद्द करून सुमारे 10,000 पदवीधरांना तिथल्या सरकारनं थेट सेवेत येण्याची वाट मोकळी केली. अनुभवी डॉक्टरांना मोठ्या रुग्णालयांत हलवायचं आणि नव्यांनी दवाखाने, वृद्धाश्रम सांभाळायचे, असा त्यामागचा हिशेब होता.

अमेरिकेत बाहेर काढलेले विद्यार्थी मात्र घरी स्वस्थ बसले नाहीत. मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ड्यूटीवर जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची मुलं सांभाळायची व्यवस्था उभी केली. इतर ठिकाणी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळांतून, कारखान्यांतून मास्क आणि हातमोजे गोळा केले, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन केले, संपर्कात आलेल्यांचा शोध घेतला. मदतीची इच्छा दाबून ठेवता येत नाही. तिला सुरक्षित वाट काढून दिली तर तिचा सर्वांना उपयोग होतो.

भारतात चित्र दुभंगलेलं होतं. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडला. त्याच महिन्यात देशभर लॉकडाऊन लागला, वसतिगृहं रिकामी झाली आणि खालच्या वर्षांची मुलं घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर शरीररचना शिकू लागली. इंटर्न मात्र रुग्णालयातच राहिले. स्वॅब घेणं, रुग्णांची प्राथमिक तपासणी, वॉर्डातली ड्यूटी, नातेवाइकांना निरोप देणं, अशी कामं त्यांच्या अंगावर पडली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनीही हा भार उचलला, आणि त्यांची नोंद आपण फारच कमी घेतली. इंटर्नना राज्याच्या वेगवेगळ्या भागांत मिळणाऱ्या विद्यावेतनातल्या फरकावरून नाराजीही झाली. सारखा धोका आणि वेगळा मोबदला हे दुखणं खरं होतं.

दुसऱ्या लाटेत, 18 एप्रिल 2021 रोजी एकट्या महाराष्ट्रात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारनं जाहीर केलं की पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा किमान चार महिने पुढे जाईल, इंटर्नना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामात घेता येईल आणि एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सौम्य रुग्णांना फोनवरून सल्ला देणं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं असं काम करतील. कोविडसेवेचे 100 दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य, लस आणि विमा यांचीही तरतूद त्या निर्णयात होती. वर सांगितलेल्या पाच प्रश्नांच्या चौकटीत पाहिलं तर हा निर्णय बऱ्याच अंशी बरोबर दिशेचा होता. काम ठरवलेलं, देखरेख ठरवलेली, संरक्षण ठरवलेलं. पण तो आला तेव्हा दुसरी लाट शिखरावर होती. वर्षभर आधी हीच चौकट तयार असती, तर त्या मुलांना तयारीला वेळ मिळाला असता.

लस आणि विश्वास

विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनाची खरी परीक्षा लशीनं घेतली. 16 जानेवारी 2021 रोजी भारतात लसीकरण सुरू झालं ते आरोग्यसेवकांपासून. त्यानंतरच्या महिन्यांत देशातल्या 22 राज्यांमधल्या आणि केंद्रशासित प्रदेशांमधल्या 1,068 वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत 10.6 टक्के विद्यार्थी लशीबाबत कचरत असल्याचं दिसलं. लस घाईनं तयार झाली का, ती सुरक्षित आहे का, माहिती देणाऱ्या यंत्रणांवर भरवसा ठेवावा का, हे त्यांचे प्रश्न होते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लस येण्याआधी झालेल्या एका लहान पाहणीत 23 टक्के वैद्यकीय विद्यार्थी मान्यता मिळताच लस टोचून घ्यायला तयार नव्हते, जरी लशींबद्दल त्यांचं एकूण मत चांगलं होतं.

“डॉक्टरकीच्या मुलांनाच शंका, मग इतरांचं काय?” असं म्हणून या आकड्यांवर तोंडसुख घेणं सोपं आहे. पण पुरावा मागणं हे त्यांच्या शिक्षणाचंच फळ आहे. शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्याला चाचण्यांची आकडेवारी समोर ठेवून, दुष्परिणाम न लपवता उत्तर दिलं, तर तोच उद्या गावातल्या शंकेखोर आजोबांशी सर्वांत चांगलं बोलू शकतो. मुंबईकरांना याचं जुनं उदाहरण माहीत असायला हवं. 1896 मध्ये शहरात प्लेग पसरला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. शिकवणाऱ्यानं आधी स्वतःचा दंड पुढे केला की ऐकणाऱ्याच्या मनातली एक गाठ सुटते.

शिकवता येण्याजोगी गोष्ट

भारतातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून दृष्टिकोन, नीतिमूल्यं आणि संवाद या विषयांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. ऑगस्ट 2020 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेनं महासाथ व्यवस्थापनाचा घटकही अभ्यासक्रमासाठी तयार केला. ही दोन्ही पावलं मोलाची आहेत. अनोळखी आजाराच्या सावलीत उभं राहण्याची वृत्ती जन्मजात असते आणि ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे असेल, हा समज यातून मागे पडतो. ती शिकवता येते. मात्र कागदावरचा घटक वॉर्डात उतरायचा असेल, तर प्रत्येक महाविद्यालयानं पुढची साथ येण्याआधी काही प्रश्नांची उत्तरं लिहून भिंतीवर लावली पाहिजेत.

कुठल्या वर्षाचा विद्यार्थी कुठलं काम करेल आणि कुठलं अजिबात करणार नाही? त्याच्यावर देखरेख कोण करेल, आणि रात्री दोन वाजता ती व्यक्ती कुठे सापडेल? किट घालण्या-काढण्याचा सराव वर्षातून किती वेळा होईल? ड्यूटी संपल्यावर घरच्यांपासून वेगळं राहायला खोली मिळेल का? तो आजारी पडला तर उपचाराचा आणि विम्याचा खर्च कोण करेल? बुडालेल्या तासिका आणि परीक्षेचं काय? दमा असलेल्या, गरोदर असलेल्या किंवा घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या विद्यार्थ्याला अपराधी न वाटता “मला दुसरं काम द्या” असं म्हणता येईल का? आणि ज्याच्या हाताखाली पहिला मृत्यू झाला, त्या विद्यार्थ्याशी त्या आठवड्यात कोण बोलेल?

यांतला एकही प्रश्न विषाणूशास्त्राचा नाही आणि एकालाही मोठं यंत्र लागत नाही. तरीही विद्यार्थी धावून येतील की मागे सरतील, आले तर टिकतील की मोडतील, हे बऱ्याच अंशी याच उत्तरांवर ठरतं. 1918 मध्ये त्यांना एक व्याख्यान देऊन पाठवलं गेलं, 2003 मध्ये ते नकळत सापडले, 2020 मध्ये कुठे घरी धाडले गेले तर कुठे परीक्षेविना बोलावले गेले. दर वेळी त्यांची तयारी गृहीत धरली गेली, नाहीतर नाकारली गेली. 1952 च्या कोपनहेगननं त्यांच्या हाताला नेमकं काम दिलं आणि पाठीशी जाणकार उभे केले, म्हणून तिथे विद्यार्थी उपचाराचा कणा झाले.

मदत करण्याची इच्छा तरुणांकडे मुबलक असते. शंभर वर्षांच्या या इतिहासात ती कधी आटलेली दिसत नाही. तिला कौशल्य, संरक्षण आणि आधार यांची जोड देणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि ते साथ येण्यापूर्वी करायचं काम आहे. पुढची महासाथ कधी आणि कुठून येईल हे सांगता येत नाही. पण ती येईल तेव्हा वॉर्डात उभी राहणारी पिढी आज प्रथम वर्षाच्या बाकावर बसली आहे. तिला मास्क नीट चढवायला शिकवण्याचा दिवस आजचाच आहे.